तेल आणि मोकळीक

इतिहास म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें राजे, तह आणि लढाया उभ्या राहतात. फार झालें तर ग्रंथकार आणि धर्मसुधारक यांची त्यांत भर पडते. परंतु ज्या यंत्रांनीं गेल्या दोनशे वर्षांत मनुष्याची सारी राहणी पालटून टाकली, त्या यंत्रांच्या पोटांतील एका अत्यंत लहान जागेसहि इतिहास आहे, आणि तो आमच्या मतें कोणत्याहि तहाच्या इतिहासाइतकाच बोधप्रद आहे. ही जागा म्हणजे फिरणारा आंस आणि त्यास धरून ठेवणारें बेअरिंग यांच्यामधील फट. मोटारीच्या इंजिनांत ही मोकळीक मिलिमीटरच्या विसाव्या भागाच्या आसपास, म्हणजे साधारणतः मनुष्याच्या केंसाच्या जाडीहूनहि कमी असते. तेवढ्या जागेंत तेल असतें. आणि इंजिन नीट चाललें असतां पोलादी आंस बेअरिंगच्या धातूस मुळीं शिवतच नाहीं, तो त्या तेलावर तरंगत असतो. हें तरंगणें क्षणभर थांबलें तर धातूवर धातू घासून तापते, वितळते आणि चिकटून बसते. मोटार असेल तर ती रस्त्यांत उभी राहते. विमान असेल तर त्याचा परिणाम काय होतो हें सांगावयास नको.

मोटार बाळगणाऱ्या गृहस्थांत असा एक समज पुष्कळदां आढळतो कीं, दाट तेल तेंच चांगलें तेल. तें जितकें दाट तितकें इंजिनाचें रक्षण अधिक. हा समज वेडगळ नाहीं, पण अर्धवट आहे. आणि त्याचें उरलेलें अर्ध सांपडावयास युरोपांतील विद्वानांस जवळजवळ दोन शतकें लागलीं. ती हकीगत वाचकांस थोडक्यांत सांगावी, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

वंगणाची युक्ति फार जुनी आहे. बैलगाडीच्या चाकास वंगण घातल्यावांचून गाडीवान वाट धरीत नसे. संस्कृतांत तर तेल आणि माया या दोहोंसहि ‘स्नेह’ हा एकच शब्द आहे. पण तेल घातल्यानें चाक हलकें कां फिरतें, याचा पद्धतशीर विचार फार उशिरा सुरू झाला. पॅरिस येथें १६९९ सालीं आमोंतों या पंडितानें असें प्रतिपादन केलें कीं, घर्षण भाराच्या प्रमाणांत वाढतें आणि स्पर्श करणाऱ्या पृष्ठभागाच्या लहानमोठेपणावर तें अवलंबून नसतें. पुढें कुलोंब यानें विस्तृत प्रयोग करून १७८५ सालीं हे नियम दृढ केले, आणि वेगाचाहि घर्षणावर फारसा परिणाम होत नाहीं अशी त्यांत भर घातली. कोरड्या पृष्ठभागांपुरते हे नियम आजहि उपयोगी पडतात. परंतु कुलोंबचें नांव इतकें मोठें होतें कीं, तेल घातलेल्या यंत्रांसहि तेच नियम लागू असले पाहिजेत असें लोक धरून चालले. तेलाचें काम काय, तर पृष्ठभागावरील खांचखळगे भरून काढणें, एवढीच त्या काळची कल्पना होती.

गंमत अशी कीं, खरी किल्ली त्यापूर्वींच दुसऱ्या एका ग्रंथांत पडलेली होती. न्यूटननें १६८७ सालच्या आपल्या ‘प्रिन्सिपिया’ ग्रंथांत असें गृहीत धरलें होतें कीं, द्रवाचा एक थर दुसऱ्या थरावरून सरकूं लागला म्हणजे जो विरोध होतो, तो त्यांच्या एकमेकांपासून दूर जाण्याच्या वेगाच्या प्रमाणांत असतो. या विरोधाचें माप म्हणजेच द्रवाचा दाटपणा. शास्त्रीय परिभाषेंत यास श्यानता म्हणतात. दाटपणा आणि जडपणा या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हें येथें लक्षांत ठेवावें. पारा पाण्याहून साडेतेरा पट जड असतो, पण मधासारखा दाट नसतो. न्यूटनच्या या विधानाचा गाडीच्या आंसाशीं कांहीं संबंध असेल, असें दीडशेंहून अधिक वर्षें कोणाच्याहि मनांत आलेलें दिसत नाहीं.

तो संबंध पहिल्यानें ज्याच्या हातीं लागला, तो हिर्न नांवाचा आल्सास प्रांतांतील एक इंजिनिअर होता. कोलमारजवळ लॉगेलबाख येथील कापसाच्या गिरणीशीं त्याचा संबंध होता, आणि गिरणींत निर्माण होणाऱ्या शक्तीचा केवढा तरी भाग घर्षणांत वायां जातो हें तो रोज पाहत होता. त्यानें घर्षण मोजण्याचा एक तराजू तयार केला आणि निरनिराळीं तेलें, फार काय पाणी आणि हवासुद्धां, वापरून पाहिलीं. निष्कर्ष असा निघाला कीं, नीट वंगण मिळालेल्या आंसाचें घर्षण तेलाच्या दाटपणावर आणि वेगावर अवलंबून असतें. हें कुलोंबच्या अगदीं उलट होतें. पॅरिसच्या ॲकॅडमीनें हा निबंध छापावयास घेतला नाहीं. शेवटीं १८५४ सालीं मुलूझ येथील उद्योजकांच्या संस्थेपुढें तो आला. मोठ्या नांवाचा दबदबा सत्यास किती काळ दारांत उभें करून ठेवतो, याचें हें एक उदाहरण आहे.

तथापि सत्यास आंत घेण्याची गरज रेल्वेनें उत्पन्न केली. हजारों डब्यांचे आंस रात्रंदिवस फिरूं लागले, आणि त्यांस लागणाऱ्या तेलाचा खर्च डोळ्यांत भरूं लागला. रशियांत तोंवर प्राणिज आणि वनस्पतिजन्य तेलें वापरीत. तीं महाग पडत. इकडे बाकू येथील खाणींतून खनिज तेल विपुल निघूं लागलें होतें. हें स्वस्त तेल आंसांस चालेल काय, असा रोकडा सवाल होता. सेंट पीटर्सबर्ग येथील अध्यापक पेत्रोव्ह यानें १८८३ सालीं त्याचें उत्तर न्यूटनच्या विधानाच्या आधारें दिलें. त्यानें दाखविलें कीं, घर्षण हें तेलाचा दाटपणा, आंसाचा वेग आणि क्षेत्र यांच्या गुणाकाराच्या प्रमाणांत वाढतें, आणि तेलाच्या थराच्या जाडीच्या व्यस्त प्रमाणांत असतें. म्हणजे दाट तेलाचा परिणाम मोजावयाचा तर तें किती रुंद फटींत घातलें आहे हें आधीं विचारलें पाहिजे. तेल आणि मोकळीक हीं दोन्हीं येथें एका समीकरणांत शेजारीं शेजारीं बसलीं.

परंतु पेत्रोव्हनें आंस बेअरिंगच्या बरोबर मध्यावर आहे असें धरलें होतें. तसा तो असेल तर तेलाचा विरोध किती होईल हें समजतें. पण मणांचें ओझें तें पातळ तेल उचलून कसें धरतें, हें समजत नाहीं. या कोड्याचा उलगडा त्याच वर्षीं इंग्लंडांत एका भोंकामुळें सुरू झाला.

तेथील यांत्रिक इंजिनिअरांच्या संस्थेनें जलद फिरणाऱ्या यंत्रांतील घर्षणाचा छडा लावण्याकरितां एक समिति नेमली होती, आणि प्रयोगांचें काम बीचम टॉवर याजकडे सोंपविलें होतें. त्याची सामग्री साधी होती. चार इंच व्यासाचा आंस आडवा फिरत असे. त्याची खालची बाजू तेलाच्या कुंडांत बुडालेली असे. आणि वरून मिश्रधातूचें अर्धवट बेअरिंग टोपीसारखें बसवून त्यावर भार दिलेला असे. अशा रीतीनें तेलांत न्हालेल्या आंसाचें घर्षण भाराच्या सुमारें सहस्रांशाइतकें अल्प भरलें. आणि नवल हें कीं, भार वाढविला तरी तें जवळजवळ तेवढेंच राहिलें.

पुढें नेहमींच्या पद्धतीप्रमाणें वरून तेल घालून पाहावें म्हणून टॉवरनें बेअरिंगच्या माथ्यावर अर्ध्या इंचाचें एक भोंक पाडलें. यंत्र पुन्हां चालूं केलें, तेव्हां तेल भोंकांतून खालीं जाण्याऐवजीं वर येऊन सांडूं लागलें. बूच ठोकलें, तें हळूहळू वर सरकून बाहेर पडलें. लांकडी खुंटी ठोकली, तिचीहि तीच गत झाली. एखाद्यानें वैतागून भोंक कायमचें बुजविलें असतें आणि आपल्या कामास लागला असता. टॉवरनें त्या भोंकास दाबमापक जोडलें. त्यावर दर चौरस इंचास २०० पौंडांपर्यंतचे आंकडे होते; कांटा त्यांच्याहि पलीकडे गेला. बेअरिंगवरील सरासरी भार तर अवघा १०० पौंड होता! पुढें १८८५ सालच्या अहवालांत त्यानें बेअरिंगवर ठिकठिकाणीं दाब मोजून सर्वांची बेरीज दिली. ती ७९८८ पौंड भरली. प्रत्यक्ष ठेवलेला भार ८००८ पौंड होता. सगळें ओझें तेलच उचलीत होतें, याहून स्पष्ट पुरावा कोणता पाहिजे?

पुरावा मिळाला, पण कारण मिळालें नव्हतें. तें मँचेस्टर येथील ओवेन्स कॉलेजांतील प्राध्यापक ऑस्बर्न रेनल्ड्स यानें १८८६ सालीं दिलें. फिरणारा आंस आपल्या अंगास चिकटलेलें तेल बरोबर ओढीत नेतो. भारामुळें तो बेअरिंगच्या मध्यावर न राहतां किंचित् बाजूस सरकतो, म्हणून फट एकीकडे रुंद आणि दुसरीकडे अरुंद होते. तेलाचा थर पाचरीच्या आकाराचा बनतो. रुंद तोंडांतून शिरलेलें तेल अरुंद वाटेकडे ओढलें जातें. सर्वांस ती वाट पुरत नाहीं, आणि दाटपणामुळें तें बाजूनें चटकन् निसटूंहि शकत नाहीं. जत्रेच्या दिवशीं देवळाच्या अरुंद दरवाजापाशीं गर्दीचें जें होतें, तेंच येथें तेलाचें होतें: दाब चढत जातो. त्या दाबावर आंस तरंगतो. त्यास उचलून धरणारा दुसरा कोणी नाहीं. आपल्या फिरण्यानेंच तो आपला आधार निर्माण करतो.

या उपपत्तीचें मर्म असें कीं, मोकळीक नसती तर पाचर झाली नसती, आणि पाचर नसती तर आधार मिळाला नसता. तोंवर चांगला कारागीर म्हणजे आंस आणि बेअरिंग तंतोतंत जुळविणारा, अशी समजूत होती. रेनल्ड्सनें दाखविलें कीं, त्या जुळणींत थोडें न जुळणें राखणें हाच खरा हिशेब आहे. टॉवरच्या घर्षणाच्या आंकड्यांवरून त्यानें त्या आंसाच्या आणि बेअरिंगच्या त्रिज्यांमधील फरकहि गणितानें काढला. तो इंचाच्या हजाराव्या भागाहूनहि किंचित् कमी निघाला.

विसाव्या शतकाच्या आरंभीं जर्मनींत या विषयास आणखी धार आली. स्ट्रिबेक यानें १९०२ सालीं प्रसिद्ध केलेल्या मोजणींत असें दिसलें कीं, वेग अगदीं कमी असतां धातू धातूस घासते व घर्षण पुष्कळ असतें. वेग वाढतां तेलाचा थर बसूं लागतो आणि घर्षण झपाट्यानें उतरतें. एका ठिकाणीं तें किमान होऊन पुढें पुन्हां सावकाश वाढूं लागतें, कारण आतां केवळ तेलाचा स्वतःचा विरोध उरलेला असतो. पुढें अणूच्या रचनेवरील संशोधनानें प्रसिद्धीस आलेला झोमरफेल्ड यानें १९०४ सालीं रेनल्ड्सचें समीकरण पूर्ण वर्तुळाकार बेअरिंगकरितां सोडविलें. त्यांतून निघालेल्या एका संख्येंत दाटपणा, वेग, भार आणि मोकळीक हीं चारीं एकत्र आलीं; आणि त्यांत मोकळिकीचा वर्ग येतो.

हा वर्ग फार महत्त्वाचा आहे. समजा, ५० मिलिमीटर व्यासाच्या आंसास ०·०५ मिलिमीटर मोकळीक आहे. व्यासाचा हजारावा भाग मोकळीक ठेवावी, हा कारखान्यांतील जुना ठोकताळाहि हेंच सांगतो. ती मोकळीक ०·१० झाली, तर आंस बेअरिंगमध्यें पूर्वींच्याच प्रमाणांत मध्याजवळ राहावा म्हणून तेलाचा दाटपणा दुप्पट नव्हे, चौपट लागेल. शिवाय दाब आणि दाटपणा तेच राहिले, तर फटींतून निसटणारें तेल फटीच्या घनाप्रमाणें, म्हणजे दुप्पट फटींतून आठपट वाहतें. मग पंपास तो पुरवठा झेपत नाहीं आणि इंजिनांतील तेलाचा दाब उतरतो. उलटपक्षीं घट्ट फटींत दाट तेल भरलें, तर पेत्रोव्हच्या नियमाप्रमाणें घर्षण वाढतें, त्यानें उष्णता वाढते, आणि ती वाहून नेण्यास पुरेसें तेल त्या फटींतून जाऊं शकत नाहीं. दाट तेल नेहमीं रक्षकच असतें, या समजांत जी उणीव आहे ती हीच.

विमानें आलीं तेव्हां हा हिशेब जिवावरचा झाला. पहिल्या महायुद्धांतील फिरत्या सिलिंडरांच्या इंजिनांत पेट्रोलचें मिश्रण आंसाच्या पेटींतूनच जात असे. त्यांत खनिज तेल विरघळून जाई. म्हणून पेट्रोलशीं सहसा न मिसळणारें एरंडेल वापरावें लागे. एरंडीच्या उत्पादनांत आज हिंदुस्थानाचा क्रमांक जगांत पहिला आहे. पण ज्या वैमानिकांच्या तोंडावर तें न जळालेलें एरंडेल उडत असे, त्यांच्या पोटाची काय अवस्था होई, हें आपल्या घरांतील आजीबाईंस समजावून सांगण्याची गरज नाहीं.

पुढें इंजिनांची शक्ति वाढली, तसा मऊ पांढऱ्या धातूचीं बेअरिंगें दबून फुटूं लागलीं. त्यांच्या जागीं शिसें मिसळलेल्या कांशाचीं बेअरिंगें आलीं. दुसऱ्या महायुद्धांतील रोल्स-रॉइस मर्लिन इंजिनांत तींच होतीं. हीं सोसावयास कणखर, पण चूक पोटांत घालण्यास मऊ धातूइतकीं उदार नव्हत. म्हणून मोकळीक आणि तेल यांचा मेळ अधिक काटेकोर करणें भाग पडलें. त्यांत आणखी एक अडचण होती. इंजिनाची पेटी ॲल्युमिनियमची आणि आंस पोलादाचा. तापल्यावर ॲल्युमिनियम अधिक फुगतें, म्हणून मुख्य बेअरिंगांतील मोकळीक वाढते. त्याच वेळीं तेल मात्र पातळ होतें. थंडींत याच्या बरोबर उलट: मोकळीक लहान आणि तेल काकवीसारखें. ज्या वेळीं जें नको, तेंच त्या वेळीं पुढें यावें, असा हा प्रकार आहे. कडक हिवाळ्याच्या प्रदेशांत यावर एक युक्ति काढण्यांत आली. रात्रीं इंजिन बंद करण्यापूर्वीं तेलांत थोडें पेट्रोल मिसळून तें मुद्दाम पातळ करीत; सकाळीं इंजिन सहज फिरे, आणि तापल्यावर पेट्रोल उडून जाऊन तेल पुन्हां मूळपदावर येई.

तेलाच्या या स्वभावास माप लावण्याचे प्रयत्न निराळेच चालले होते. अमेरिकेंतील मोटार-इंजिनिअरांच्या संस्थेनें १९११ सालीं तेलांच्या दाटपणाची प्रतवारी ठरविली. १९२९ सालीं डीन आणि डेव्हिस यांनीं उष्णतेनें तेल किती पातळ होतें हें दाखविणारा निर्देशांक सुचविला. त्यांत पेन्सिल्व्हेनियाच्या तेलास १०० आणि मेक्सिकोच्या आखाताकडील तेलास शून्य धरलें होतें. साधें तीस प्रतीचें तेल चाळीस अंशांवर जेवढें दाट असतें, त्याच्या सुमारें नवव्या हिश्शाइतकेंच शंभर अंशांवर उरतें. हा उतार सौम्य करण्याकरितां लांबलचक रेणूंचीं द्रव्यें तेलांत मिसळूं लागले, आणि १९५० नंतरच्या दशकांत थंडींत पातळ व उष्णतेंत पुरेसें दाट राहणारीं बहुप्रतीचीं तेलें घरगुती मोटारींपर्यंत आलीं. पण अरुंद फटींत, जोराच्या वेगांत, हे लांब रेणू प्रवाहाच्या दिशेनें आडवे होतात आणि तेल तेवढ्यापुरतें पातळ पडतें. म्हणून डब्यावरील एका आंकड्यावर भागत नाहीं. १५० अंश उष्णतेंत आणि तितक्याच तीव्र घसटींत तेलाचा दाटपणा किती राहतो, हेंहि आतां मोजतात. सध्यांच्या प्रतवारींत वीस प्रतीच्या तेलास या कसोटींत किमान २·६ आणि आठ प्रतीच्या तेलास १·७ मिलिपास्कल-सेकंद इतका दाटपणा लागतो.

घर्षणांत राष्ट्राचें किती धन जातें, याची जाणीवहि सावकाशच झाली. ब्रिटनमध्यें १९६६ सालीं प्रसिद्ध झालेल्या जोस्ट समितीच्या अहवालांत, घर्षण आणि झीज यांच्या ज्ञानाचा नीट उपयोग केला तर त्या देशाचे वर्षाला सुमारें ५१ कोटि ५० लाख पौंड वांचतील असा अंदाज दिला होता. याच अहवालानें या विद्येस ‘ट्रायबॉलॉजी’ हें ग्रीक धातूवरून घडविलेलें नांव रूढ केलें.

आज शर्यतीच्या मोटारींत हा मेळ टोकास गेला आहे. फॉर्म्युला वनच्या इंजिनांत भागाभागांतील मोकळीक इतकी अल्प ठेवलेली असते कीं, थंड स्थितींत तें इंजिन चालूं करण्याची सोयच नसते. आधीं गरम पाणी खेळवून तें तापवावें लागतें. तेथें तेलहि अत्यंत पातळ असतें, कारण पातळ तेलाचा विरोध कमी आणि तेवढी शक्ति चाकांस अधिक. तेंच पातळ तेल झिजून सैल झालेल्या जुन्या इंजिनांत घातलें, तर आंस धातूवर टेकेल. आणि जुन्या इंजिनास मानवणारें दाट तेल या नव्या इंजिनांत घातलें, तर तें गुदमरेल. दोन्हीं तेलें उत्तम आणि दोन्हीं इंजिनें उत्तम असूनहि नाश होऊं शकतो. म्हणून आपल्या मोटारीच्या पुस्तिकेंत जी प्रत छापलेली असते, ती केवळ व्यापाऱ्याची शिफारस समजूं नये; ज्यानें फट आंखली त्यानेंच तें तेल नेमून दिलेलें असतें.

या इतिहासांत कोणी एक वीर नाहीं. गिरणींत वायां जाणारी शक्ति पाहणारा हिर्न, स्वस्त तेलाची चिंता करणारा पेत्रोव्ह, वैताग देणाऱ्या भोंकास दाबमापक लावणारा टॉवर आणि त्या सांडलेल्या तेलांत गणित पाहणारा रेनल्ड्स, या चौघांनीं चार बाजूंनीं एकच गोष्ट उजेडांत आणली. तेलाचा गुण एकट्या तेलांत नसतो आणि बेअरिंगचा गुण एकट्या बेअरिंगांत नसतो. दोघांमध्यें ठेवलेल्या अंतराच्या मानानें तो ठरतो. आपल्या पूर्वजांनीं तेलास आणि मायेस एकच नांव दिलें तेव्हां त्यांच्यापुढें हें गणित खास नव्हतें. तरी घर चालविणाऱ्या कोणाहि वडीलधाऱ्या मनुष्यास, स्नेह किती आणि मोकळीक किती हा हिशेब अगदींच अपरिचित वाटेल, असें आम्हांस वाटत नाहीं.